बागेचे प्रश्न : पाचोळ्याचे खत

माघ सरता सरता पानगळ सुरू होते आणि फाल्गुनात अंगणे, सोसायट्यांची आवारे, रस्त्यांच्या कडा पाचोळ्याने भरून जातात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या पाचोळ्याचे घरच्या घरी खत कसे करावे आणि तयार झालेले खत कोठे वापरावे याविषयीची आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढाच घेतला आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वर्षावृक्षाची (रेन ट्री) आणि बदामाची मोठी झाडे आहेत. गेल्या मार्चमध्ये सगळा पाचोळा विटांच्या हौदात भरून वर ताडपत्री घातली. यंदा जानेवारीत उघडून पाहिले, तर पाने जवळजवळ जशीच्या तशी, फक्त तळाशी थोडा भुगा. मधल्या काळात गुळाचे पाणी झाले, बाजारातील कल्चरची (कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची) पावडरही झाली. नेमके काय राहिले? (एक वाचक, सहकारनगर, पुणे)

उत्तर : पाणी राहिले. आपल्या हवेत पाचोळ्याचे खत फसण्याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच असते, आणि कल्चरच्या पावडरीने ते भरून निघत नाही.

ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट आणि निव्वळ पाचोळ्याचे खत या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. भाजीचे देठ, फळांच्या साली, हिरवे गवत यांत नत्र (नायट्रोजन) भरपूर असते. त्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात, ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दोन-तीन महिन्यांत काम आटोपते. झाड मात्र पान गाळण्यापूर्वी त्यातील नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि बरेचसे पालाश (पोटॅशियम) फांदीत परत ओढून घेते. जे खाली पडते त्यात कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ४० ते ८० भागांस एक असे असते, शिवाय लिग्निन हा चिवट घटकही पुष्कळ असतो. तो फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते. ती सावकाश, थंडपणे काम करते, आणि ओल तुटली की थांबते. या बुरशीचे बीजाणू पानांवर आणि मातीत आधीपासूनच असतात, त्यामुळे ते विकत आणावे लागत नाहीत. फार तर जुन्या ढिगातील किंवा एखाद्या मोठ्या झाडाखालची घमेलेभर काळी माती नव्या ढिगात मिसळावी, तेवढे विरजण पुरे होते. गुळाच्या पाण्याने चार दिवस जिवाणूंची गर्दी होते, लिग्निनवर त्याचा विशेष परिणाम होत नाही.

वाळलेल्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो. बदामाच्या पानावर तो हाताला जाणवतो. त्यामुळे भरलेल्या हौदावर नळी सोडली, तर पाणी पानांवरून घसरून तळाशी जाते, वरचा थर दोन तासांत सुकतो आणि मधला भाग कोरडाच राहतो. तुमच्या हौदात तळाशीच भुगा झाला, याचा अर्थ पाणी तेथेच टिकले. त्यातून ताडपत्री पावसाळ्यातही तशीच राहिली असावी असे पत्रावरून दिसते. म्हणजे जून ते सप्टेंबर हे फुकट पाण्याचे चार महिने तुम्ही ढिगाला मिळू दिले नाहीत. ताडपत्री हवी ती एप्रिल-मेमध्ये, उन्हाने ओल उडू नये म्हणून. पाऊस धरला की ती काढावी.

आता पुन्हा भरताना पाने आधी एखाद्या पिंपात रात्रभर भिजत ठेवावीत, किंवा वीतभर थर टाकून तो भिजवावा, पायाने तुडवावा आणि मग पुढचा थर घालावा. वेळ असल्यास पाने चुरून घ्यावीत. कडक उन्हात वाळलेली पाने गोणीत भरून काठीने झोडपली तरी त्यांचा चुरा होतो. तसे केल्याने कामाचा अवधी पुष्कळ कमी होतो, कारण बुरशीला शिरायला कडा मिळतात. ओल बरोबर आहे की नाही हे मधल्या भागातील मूठभर पाने पिळून पाहावे. हात ओला झाला पाहिजे, फार तर एक-दोन थेंब निघावेत. धार लागली तर पाणी जास्त आणि पाने मुठीत कुरकुरली तर कमी. उन्हाळ्यात ही तपासणी आठवड्याला करावी. दीड-दोन महिन्यांनी ढीग एकदा खालीवर केला तर उत्तम, पण ज्यांच्याकडून तेवढे होणार नाही त्यांनी पाण्याचे तरी पाहावे.

तुमच्या दोन झाडांची पानेही एकमेकांशी जुळणारी नाहीत. वर्षावृक्ष शेंगवर्गातील आहे, त्याच्या बारीक पर्णिका ओल मिळाल्यास एका पावसाळ्यात काळ्या होतात. बदामाच्या पानाला वर्षभर लागू शकते. दोन्ही एकत्र भरली तरी बिघडत नाही, मात्र शेवटी चाळून उरलेली बदामाची पाने नव्या ढिगात टाकावी लागतील. वर्षावृक्षाच्या शेंगा तेवढ्या वेचून काढाव्यात. थंड ढिगात त्यांच्या बिया मरत नाहीत आणि पुढे प्रत्येक कुंडीत वर्षावृक्षाचे रोप उगवू लागते.

प्रश्न : आमच्याकडे अंगण नाही, फक्त गॅलरी आणि सोसायटीची गच्ची आहे. एवढ्या जागेत हे खत होते का? (ठाणे)

उत्तर : होते, पण अगदी लहान प्रमाणात ओल टिकवणे अवघड जाते, म्हणून किमान दोन मोठ्या गोण्या तरी भराव्यात. सिमेंटच्या किंवा धान्याच्या विणलेल्या प्लास्टिक गोण्या यासाठी सोयीच्या असतात: त्यांतून हवा खेळते आणि पाणी एकदम निघून जात नाही. या गोण्या उन्हात वर्षभरात फाटून त्यांचे धागे खतात मिसळतात, त्यामुळे त्या सावलीतच ठेवाव्यात. गोणपाट वापरले तर पाचोळ्याबरोबर तेही कुजते. भिजवलेली पाने दाबून भरावीत, तोंड सैल बांधावे आणि गोणी विटांवर ठेवावी, म्हणजे खाली उतरणाऱ्या तपकिरी पाण्याचे डाग गच्चीवर पडणार नाहीत. भरलेली गोणी खाली बसत बसत पाव हिश्शाएवढी उरते. जागा असेल त्यांनी कुंपणाच्या तारजाळीचा साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा करून थेट मातीवर उभा करावा. त्यापेक्षा सोपी रचना नाही. पाने कमी पडत असल्यास आसपास चौकशी करावी. पुण्यात तर पाने देऊ इच्छिणारे आणि घेऊ इच्छिणारे यांची गाठ घालून देणारा ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रमही चालतो.

प्रश्न : साग, निलगिरी, आंबा, कडुनिंब, बांबू आणि सुरू यांपैकी कोणती पाने चालतील? कडुनिंबाच्या पानांनी गांडुळे मरतात असे ऐकले आहे. (सांगली आणि चंद्रपूर येथील वाचक)

उत्तर : कडुनिंबाची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्यातील कडू द्रव्ये ऊन, पाणी आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे लवकर विघटित होतात, आणि त्याच्या पर्णिका लहान व पातळ असल्याने हे खत सर्वांत आधी तयार होणाऱ्यांपैकी आहे. पिंपळ, करंज, शिरीष, गुलमोहर, सोनमोहर, बहावा हीही चांगली पाने. करंज आणि गिरिपुष्प यांची पाने हिरवी असतानाच मिळाली, तर त्यांतील नत्रामुळे इतर पाचोळ्यालाही वेग येतो.

आंबा, फणस, चिकू, बकुळ यांची पाने चामड्यासारखी असतात. ती चुरल्याशिवाय घातल्यास एकमेकांवर चिकटून चळत बनते, मध्ये हवा जात नाही आणि ती तशीच आंबत राहतात. सागाचे पान आकाराने मोठे असले तरी वाळल्यावर हाताने सहज मोडते, त्यामुळे चंद्रपूरच्या वाचकांनी त्याचा निःशंकपणे उपयोग करावा. बांबूच्या पानांत सिलिका पुष्कळ असते, ती कुजायला वेळ घेतात. त्यांचे खत मोकळे, भुसभुशीत आणि कुंड्यांसाठी उत्तम होते. निलगिरी आणि सुरू यांचा पाचोळा मात्र निराळा ठेवावा. निलगिरीच्या ताज्या पाचोळ्यातील तेले आणि इतर द्रव्ये बियांच्या उगवणीला मारक ठरतात. वर्षभर पावसात कुजल्यानंतर तो मोठ्या झाडांच्या आळ्यात घालता येईल, रोपांच्या कुंडीत घालू नये. सुरूची सुईसारखी पाने आच्छादन म्हणूनच बरी.

रोगट पानांबद्दलही सांगली येथील वाचकांनी विचारले आहे. पाचोळ्याचा ढीग तापत नसल्याने रोगाचे बीजाणू त्यात तग धरू शकतात. गुलाबाची काळे ठिपके पडलेली पाने किंवा टोमॅटोचा करप्याने गेलेला पाला या ढिगात घालू नये.

प्रश्न : आमच्याकडे पातेरा (पाचोळा) गोळा करून राबासाठी, म्हणजे भाताची रोपे वाढवण्याच्या जागेवर, भाजण्याची पद्धत आहे. तो कुजवला तर अधिक फायदा होईल का? आणि येथील साडेतीन-चार हजार मिलिमीटर पावसात ढीग टिकेल का? (चिपळूण)

उत्तर : राब भाजण्यामागे दोन हेतू होते: तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेतील तणाचे बी मारणे आणि राखेतून पालाश मिळवणे. हे दोन्ही हेतू साध्य होतात हे मान्य केले पाहिजे. परंतु पानांतील कर्ब आणि उरलेसुरले नत्र धुरावाटे जाते, आणि कोकणातील जांभ्याच्या मातीला ज्या सेंद्रिय द्रव्याची सर्वाधिक गरज असते तेच नेमके नाहीसे होते. भातशेतीचा निर्णय तुम्ही तुमच्या अनुभवाने घ्यालच. घरालगतच्या परड्यातला पातेरा मात्र भाजण्याजोगा नाही. शहरी वाचकांसाठी येथेच नमूद करतो की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईची तरतूद केली आहे. सकाळी झाडलोट झाल्यावर कोपऱ्यात पेटवलेल्या पाचोळ्याच्या ढिगालाही याचा अपवाद नाही.

पावसाबद्दल तुमची शंका रास्त आहे. देशावर ढीग सुकण्याचा धोका असतो, कोकणात तो बुडण्याचा. सतत चिंब राहिलेल्या ढिगात हवा उरत नाही, पाने चिखलासारखी काळी पडून आंबूस वास सुटतो आणि त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात. ढीग उंचवट्यावर, आंब्या-फणसाच्या दाट छायेत करावा, तळाशी वीतभर जाड काटक्या घालाव्यात आणि जूनअखेरीपासून वरून झावळ्यांचे छप्पर करावे. झावळ्यांतून थोडे पाणी झिरपते तेवढे पुरते. पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, ते काढून ढीग एकदा खालीवर करावा.

आणखी एक गोष्ट न विचारता सांगतो. कोकणात पातेऱ्यात फुरसे बसते आणि त्याचा रंग पानांत इतका मिसळून जातो की दोन हातांवर असतानाही ते नजरेस पडत नाही. पाने नेहमी लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढावीत, हाताने कवेत घेऊ नयेत, पायात बूट असावेत, आणि ढीग घराच्या पायरीपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा.

प्रश्न : ढिगात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, लठ्ठ अळ्या निघाल्या आहेत. बाजूला माडांची बाग आहे. या उपकारक आहेत की मारून टाकाव्यात? (फोंडा, गोवा)

उत्तर : माड जवळ आहेत म्हणून हा प्रश्न गंभीरपणे घेतला पाहिजे. नारळाच्या कोंबात शिरून न उमललेली झावळी कुरतडणारा गेंड्या भुंगा कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या तेथेच वाढतात. तुमच्या माडांच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असतील, तर भुंगा बागेत आहे असे समजावे.

पण प्रत्येक पांढरी अळी त्याचीच नसते. एक अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. फुलभुंग्यांची अळी पाय वर करून पाठीवर सरपटत जाते. ती केवळ कुजलेली पाने खाते, खत बारीक करते, तिला ढिगात परत सोडावे. गेंड्या भुंग्याची अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळून कुशीवर पडून राहते आणि पूर्ण वाढल्यावर चांगली बोटाएवढी लांब व जाडजूड होते. अशा अळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात. ढीग महिन्यातून एकदा उलटावा, त्यात शेण मिसळू नये, आणि प्रादुर्भाव जास्त असल्यास मेटारायझियम या मित्रबुरशीची पावडर पाण्यात कालवून ढिगावर शिंपडावी. कृषी सेवा केंद्रांत ती मिळते. ढिगात दिसणारे पैसा किडे आणि गांडुळे यांना मात्र हात लावू नये.

प्रश्न : मोठ्या उत्साहाने केलेले पानांचे खत टोमॅटो आणि मिरचीच्या वाफ्यात मातीत मिसळले, तर रोपे पिवळी पडली. खत वाईट निघाले का? (नाशिक)

उत्तर : खत बहुधा अर्धवट कुजलेले होते, आणि तुमची त्याच्याकडून अपेक्षाही चुकीची होती.

पहिला भाग असा : पान अजून ओळखू येत असताना ते मातीत मिसळले, तर त्यावर काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागते आणि ते ते मातीतून उचलतात. रोपाच्या वाट्याचे नत्र काही आठवडे त्यांच्या शरीरात अडकून राहते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली असतील तर निदान हेच. तोच माल मातीत न मिसळता वर पसरला असता, तर हा त्रास जवळपास झाला नसता. आता प्रत्येक रोपाभोवती मूठभर भिजवलेली शेंगदाणा पेंड किंवा एकास दहा पाण्यात पातळ केलेले गोमूत्र द्यावे, रोपे सावरतील.

तयार खत कसे ओळखावे हेही येथे सांगतो. ढिगाच्या मध्यातून एक पान उचलावे. अर्धवट झालेल्या पानात मऊ भाग जाऊन शिरांची जाळी शिल्लक राहिलेली दिसते आणि ओढल्यास ती ताणली जाते. पूर्ण झालेल्या खतात ती जाळीही बोटांत चुरडते, रंग गडद तपकिरी ते काळा असतो आणि वास जंगलातील मातीचा येतो. आंबट किंवा सडका वास आला तर ते अजून तयार नाही.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. चांगले कुजलेले पानांचे खतसुद्धा पोषणाच्या दृष्टीने हलकेच असते. त्यात नत्र एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. टोमॅटोसारख्या खादाड पिकाला ते एकट्याने पुरणार नाही, त्यासाठी शेणखत, गांडूळ खत किंवा पेंड लागणारच. पानांच्या खताचे मोल ते मातीचे जे करते त्यात आहे. ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते आणि मुळांना हळूहळू देते. नाशिकच्या काळ्या मातीत ते दोन-तीन वर्षे सातत्याने घातले, तर उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कमी होतात, पावसाळ्यात माती चिकटून दगड होत नाही, खुरपे सहज शिरते. बागायतदारांनी त्याला खत म्हणण्याऐवजी माती सुधारणारे द्रव्य म्हणूनच हिशेबात धरावे.

प्रश्न : कुंड्यांत कोकोपीटऐवजी (नारळाच्या काथ्याच्या भुशाऐवजी) हे खत वापरता येईल का? प्रमाण काय असावे? (मुंबईहून अनेक वाचक)

उत्तर : वापरता येईल आणि माझ्या मते वापरावेच. कोकोपीट पाणी चांगले धरते, पण त्यात पोषण नगण्य असते, आणि नीट न धुतलेल्या कोकोपीटमधील क्षार रोपांना बाधतात. फुलझाडांच्या कुंडीसाठी पोयटा माती, चाळलेले पानांचे खत आणि गांडूळ खत समप्रमाणात घ्यावे. गच्चीवर वजन कमी हवे असल्यास मातीचा वाटा अर्धा करून पानांचे खत वाढवावे. नेचे, अँथुरियम, मॉन्स्टेरा अशी मूळची जंगलातील झाडे निम्म्याहून अधिक पानांच्या खतातही आनंदाने वाढतात. निवडुंग, अडेनियम यांना ते जवळजवळ देऊच नये, कारण तेथे पाणी साठणे हाच शत्रू असतो. बी पेरण्यासाठी अर्ध्या सेंटिमीटरच्या चाळणीतून काढलेले खत आणि बारीक वाळू समान घ्यावी. उगवलेल्या रोपाला बीजदलांनंतरची खरी पाने आली की त्याला पौष्टिक मिश्रणात हलवावे. चाळणीवर राहिलेला जाडसर भाग आच्छादन म्हणून दोन इंच जाडीने पसरावा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून. कुंड्यांतील मिश्रण वर्षभरात खाली बसते, तेव्हा दरवर्षी वरून थोडी भर घालावी लागेल.

प्रश्न : आमच्या मागच्या अंगणात ओक, मेपल आणि काळ्या अक्रोडाचे झाड आहे. अक्रोडाची पाने विषारी असतात असे शेजारी सांगतात. (न्यू जर्सी)

उत्तर : काळ्या अक्रोडात जुग्लोन नावाचे द्रव्य असते आणि टोमॅटो, वांगी, बटाटा या वर्गातील पिकांना ते बाधते. हवा, पाणी आणि सूक्ष्मजीव मिळाल्यावर पानांतील जुग्लोन काही आठवड्यांत विघटित होते. तरीही ही पाने निराळी भरून वर्षभर ठेवावीत आणि भाजीच्या वाफ्यात न घालता झुडपांखाली वापरावीत. मेपलची पाने गवत कापण्याच्या यंत्राने चिरून भरल्यास एका वर्षात होतात, ओकला तुमच्याकडच्या थंडीत दोन वर्षे धरावीत.

प्रश्न : ढिगात पांढऱ्या सुतासारखी बुरशी दिसते आणि मधूनमधून छत्र्या उगवतात. घरात दम्याचा रुग्ण आहे, म्हणून काळजी वाटते. (कोल्हापूर)

उत्तर : पांढरे सूत म्हणजे काम व्यवस्थित चालू असल्याची खूण आहे, आणि छत्र्या ही त्याच बुरशीची फळे; त्या खाऊ मात्र नयेत. काळजी करावी ती कोरड्या ढिगाची. सुकलेला पाचोळा हलवला की बीजाणूंची आणि धुळीची वाफ उठते व ती दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरते. उलटण्यापूर्वी किंवा चाळण्यापूर्वी ढिगावर पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मास्क लावावा, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि रुग्णाने स्वतः हे काम करू नये. ढीग त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली असल्यास पावसाळ्यापूर्वीच तो हलवून घ्यावा. भिजून जड झाल्यावर ते काम दुप्पट होते.